लेकीला लस, आईला तपासणी

शेतातलं, घरातलं काम बाजूला ठेवून आपण आलात. काही जणी तर बोईसरची सकाळची शिफ्ट करून थेट इथे आल्यात, डोळ्यांवर झोप दिसतेय. मुलींनाही बरोबर आणलंत, हे फार बरं झालं. पत्रिकेवर विषय छापलाय, 'एचपीव्ही संसर्ग आणि लसीकरण'. हे शब्द वाचून कोणी मनोरपर्यंत आलं असेल असं आम्हाला वाटत नाही. (हशा) तेव्हा ते शब्द जरा वेळ बाजूला ठेवू.

सुरू करण्याआधी एका ताईंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माझ्या अंगावरून पांढरं जातं, म्हणजे मला कॅन्सर आहे का?" त्यांनी विचारलं म्हणून बरं. पण हा प्रश्न मनात घेऊन वर्षानुवर्षं बसून राहणाऱ्या खूप असतात. त्याचं उत्तर मध्येच येईल, थोडं थांबावं लागेल.

आधी जागा कोणती ते बघू. मूल जिथे वाढतं ती पिशवी, म्हणजे गर्भाशय. पिशवीला खाली तोंड असतं, ते योनीमार्गात उघडतं. बाळंतपणात हेच तोंड उघडतं, सुईणी ते बोटांनी मोजायच्या. त्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. २०२२ सालचा जागतिक अंदाज असा आहे की आपल्या देशात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो होतो आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्याने जातात. स्तनाच्या कॅन्सरनंतर बायकांमध्ये याचाच नंबर.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव, याचं कारण सापडलेलं आहे. बहुतेक कॅन्सरबद्दल डॉक्टर 'असं असू शकतं, तसं असू शकतं' म्हणतात. इथे तसं नाही. एक विषाणू आहे, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे खूप प्रकार आहेत. कॅन्सर करणारे थोडे, आणि त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन सर्वांत वाईट. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन, त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे वाक्य बोललं की सभेत शांतता होते, आत्ताही झाली. म्हणून पुढचं नीट ऐका. ज्यांचा शरीरसंबंध येतो अशा बहुतेक सगळ्यांना, बायकांना आणि पुरुषांनाही, आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो. लग्नाच्या नवऱ्याशिवाय कोणाकडे पाहिलं नाही अशा बाईलाही तो लागतो, कारण नवऱ्याकडे तो आधीपासून असू शकतो, आणि त्यालाही ते ठाऊक नसतं. पुरुषाला बहुधा काही जाणवतच नाही. निरोधाने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो. तेव्हा कुणाचा रिपोर्ट 'एचपीव्ही आहे' असा आला, तर त्यावरून तिच्या चारित्र्याबद्दल एक शब्द बोलायचा अधिकार सासूला नाही, शेजारणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. लागण कधी झाली, पंधरा दिवसांपूर्वी की पंधरा वर्षांपूर्वी, हे तो रिपोर्ट सांगूच शकत नाही.

लागण झाली म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला स्वतःच हुसकावून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडत जातात. बिघाडापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर पाच-दहा. तंबाखू, मिश्री, विडी असेल तर धोका वाढतो. मिश्रीचं नाव घेतल्यावर दोघी-तिघींनी मान खाली घातली, ते दिसलं आम्हाला. (हशा)

ही पंधरा वर्षं आपल्याला मिळालेली सवलत आहे. त्या काळात दुखत नाही, खुपत नाही, पण तपासलं तर दिसतं, आणि दिसलं तर तेवढ्याच जागेवर इलाज करून बाई त्याच दिवशी घरी जाते. तपासलं नाही तर मात्र रक्त जायला लागल्यावर कळतं. मग पालघरहून गाडी धरून दादर, तिथून परळचं टाटा, तिथे धर्मशाळेत मुक्काम, घरी लेकरं कुणाकडे, नवऱ्याचा खाडा. इलाजाचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो, पण ही ओढाताण कुठल्याच योजनेत बसत नाही.

आता थोडं लांब जाऊ, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. बार्शी कशाला, तर आज आपण इथे जे करतोय ते तिथे आधी झालंय. १९८७ मध्ये तिथल्या कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटाने मिळून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. नोंदणी करणारी माणसं गावोगाव जायची. नुसती नावं लिहून घेऊन परतायची नाहीत, तर चावडीवर, देवळात, घरात बायकांना बसवून सांगायची की असं रक्त जात असेल तर अंगावर काढू नका, दवाखान्यात या. लस तेव्हा जगात कुठेच नव्हती आणि गावांत तपासणीची यंत्रणाही नव्हती, होतं ते फक्त बोलणं. पण काही वर्षांत नोंदवहीत दिसायला लागलं की या गावांतल्या बायका आजार बरा होण्याजोगा असतानाच यायला लागल्यात. १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून 'नुसतं सांगून काय होतं' असं कोणी म्हटलं की आम्ही बार्शीचं नाव घेतो.

पुढचा प्रयोग शेजारच्या जिल्ह्यात झाला, तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. १९९९ पासून तिथल्या १ लाख ३१ हजार बायकांना, ३० ते ५९ वयाच्या, त्यात घेतलं. गावांचे चार गट केले. एका गटात पिशवीच्या तोंडावर व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून डोळ्यांनी बघायचं. एका गटात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन तपासायच्या. एका गटात एचपीव्हीची चाचणी. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा, वेगळी तपासणी नाही. आठेक वर्षांनी मोजलं. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच झाली होती, तिथले या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. तिथे ३४ आणि इथे ६४. आणि ज्या बायकांची ती चाचणी निगेटिव्ह आली होती, त्यांच्यातली एकही त्या काळात या कॅन्सरने गेली नाही.

त्या ६४ बायकांबद्दल आम्ही दरवेळी थांबून बोलतो. ज्यांना तपासलं नाही त्यांचं काय, हा सवाल पुढे खूप जणांनी विचारला. तपासणीचा उपयोग होतो याचा अंदाज असताना हजारो बायकांना तसंच ठेवणं बरोबर होतं का? आमचं मत विचाराल तर तो सवाल योग्यच होता. पण त्याहून मोठी लाज ही आहे की हा पुरावा २००९ साली जगासमोर आला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या किती निघाल्या, तर शंभरात दोनसुद्धा नाहीत. उस्मानाबादच्या बायकांनी जगाला शिकवलं, आणि आपण वर्गात गैरहजर.

तपासणीत नेमकं होतं काय ते सांगतो, कारण भीती तिथेच असते. बाळंतपणाच्या टेबलासारखं टेबल असतं. पडदा लावलेला असतो, बहुधा सिस्टरच करतात. एक छोटं साधन आत घालून तोंड दिसेल असं धरतात. आंबलेल्या पाण्यासारखं ते औषध कापसाने लावतात, एक मिनिट थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. किंचित चुरचुरतं, भूल लागत नाही, कापाकापी नाही. पांढरा डाग दिसला तरी तो कॅन्सरच असतो असं नाही, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने हीच पद्धत दीड लाख बायकांच्या अभ्यासात करून पाहिली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. तरी या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हे काम आपल्या उपकेंद्रावरची सिस्टर करू शकते. आणि एचपीव्हीच्या चाचणीचा नमुना तर बाई स्वतःच आडोशाला जाऊन कापसाच्या काडीने घेऊ शकते. ही सोय आपल्याकडे गावागावात पोचायला हवी, तुम्ही मागितली तर लवकर पोचेल. सरकारी नियमाने ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. मनोरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या उपकेंद्रावर ती कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना आजच विचारून ठेवा.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणी पांढरं जातंच. खाज असेल, दह्यासारखं किंवा वास मारणारं असेल, तर बहुधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. तपासून घ्यायचं, पण घाबरायचं नाही. घाबरलेल्या बाईचा फायदा घेणारे असतात म्हणून हे स्पष्ट सांगतोय. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची २०१९ मध्ये सरकारने पाहणी केली. ८२ हजारांहून जास्त बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं की पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलो आणि 'कॅन्सर होईल' म्हणून काढायला लावली. बीडची बाई तोडीला जाते, आपल्याकडची वीटभट्टीवर, फरक तेवढाच. तेव्हा कोणी तपासणी न करता, रिपोर्ट न दाखवता पिशवी काढा म्हणालं, तर तिथून उठायचं आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं.

ताबडतोब जायचं ते कशासाठी? संबंधानंतर रक्त जाणं. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा अंगावर लाल दिसणं. घाण वासाचं, रक्तमिश्रित पाणी जाणं. यातलं एकही असेल तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही.

मुली कंटाळल्यात, आता त्यांचंच बोलू. लस.

लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूचं फक्त बाहेरचं टरफल कारखान्यात बनवलेलं असतं, आत काही नाही. शरीर ते टरफल ओळखायला शिकतं आणि खरा विषाणू आला की दारातच अडवतं. म्हणून ही लस विषाणू लागण्याआधी द्यायची, ९ ते १४ हे वय सगळ्यात चांगलं. आधीच आत शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही. त्यामुळे चाळिशीच्या आईने लशीच्या मागे न लागता तपासणी करावी. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी सोडायची नाही, कारण लस सगळ्याच प्रकारांवर चालत नाही. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर पुढे ८८ टक्के कमी झाल्याचं २०२० मध्ये दिसलं. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सर्वाव्हॅक ही लस बनवली, तिला जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

दंड दुखतो, कधी कणकण येते. काही मुलींना इंजेक्शनच्या भीतीने चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं. गरोदरपणात देत नाहीत. 'पुढे मूल होणार नाही' ही अफवा आम्ही गेलो त्या प्रत्येक ठिकाणी ऐकली. जगात कोट्यवधी मुलींनी ही लस घेतली, त्यातल्या पहिल्या मुली आता आया झाल्यात. मूल न होण्याशी तिचा काही संबंध आढळलेला नाही.

पण अफवा हवेतून येत नाही, तिच्यामागे कधी कधी खरी घटना असते. ती लपवली तर लोक आणखी घाबरतात, म्हणून आम्ही ती सांगतो. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात वीस हजारांहून जास्त मुलींना प्रकल्प म्हणून ही लस दिली. पुढे त्यांच्यातल्या सात मुली वारल्या. चौकशीत निघालं की एक पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता, एकीला मलेरिया झाला होता. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असाच निष्कर्ष निघाला. पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट बाहेर आली. खम्ममच्या भागात कितीतरी आदिवासी मुली वसतिगृहात राहायच्या, आणि त्यांच्या संमतीच्या कागदांवर आईबापांच्या सह्या नव्हत्या. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

इथे बसलेल्या कितीतरी जणींच्या मुली आश्रमशाळेत आहेत. म्हणून हे तुमच्या कामाचं आहे. लशीचा कागद आला तर सही तुमची हवी. वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या, विचारा, मगच अंगठा द्या. कोणती लस, कशासाठी, ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि मुलीलाही सांगा. दंड तिचा आहे.

खम्ममचा एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्याच वेळी देशात नऊ ठिकाणी एक वेगळाच अभ्यास चालू होता, त्यात बार्शी होतं, पुणंही होतं. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच त्यात बघायचं होतं. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडेच लस देणं थांबवलं. मुली अर्ध्यावर राहिल्या. कुणाचे तीन डोस झालेले, कुणाचे दोन, आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांची तपासणी करत राहिले. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ नंबरच्या विषाणूने ठाण मांडण्यापासून एका डोसने ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं, दोन आणि तीन डोसांइतकंच. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणखी देशांतून पुरावा आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ९ ते २० वयाला एक डोससुद्धा चालेल. एचआयव्ही असलेल्यांना मात्र जास्त डोस लागतात. अर्धवट राहिलेल्या अभ्यासातल्या आपल्याच मुलींमुळे जगभराचं वेळापत्रक बदललं.

एक खुलासा करायला हवा. दहा वर्षांचा तो पुरावा गार्डासिल या परदेशी लशीचा आहे, सर्वाव्हॅक नंतर आली. खासगी डॉक्टर नऊ ते चौदा वयाला दोन आणि पंधराच्या पुढे तीन डोस सांगतील. सर्वाव्हॅकच्या कागदावर तसंच छापलेलं आहे, ते फसवत नाहीत. सरकारी लसीकरणात तुमच्या मुलीच्या वयाला काय मिळतं ते आशाताईंकडून समजून घ्या.

एका डोसाचं आपल्याला एवढं कौतुक का? दिवाळी झाली की इथल्या पाड्यांमधून घरंच्या घरं भट्टीवर जातात, वसईला, भिवंडीला, काही रेतीवर, काही बांधकामावर. शिमग्याला दोन दिवस येतात, पुन्हा जातात, ते पावसालाच परततात. ज्या मुलीला ऑगस्टमध्ये पहिला डोस दिला, तिला सहा महिन्यांनी दुसरा द्यायला फेब्रुवारीत शोधणार कुठे? एक डोस म्हणजे मुलगी पाड्यावर, शाळेत असतानाच काम पूर्ण. तरीही कार्ड जपून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाबरोबर. भट्टीवर जाताना ते बरोबर न्या.

आता प्रश्न घेऊ. हो, तुम्ही बोला ताई.

ताई विचारतायत, मुलग्यांना का नाही? देता येते. हा विषाणू पुरुषांमध्ये घशाचा आणि इतर काही कॅन्सर करतो, आणि सर्वाव्हॅकला मुलग्यांसाठीही परवानगी आहे. सध्या लस आणि पैसा दोन्ही मोजकं आहे म्हणून आधी मुली, एवढंच.

मागच्या मावशी? त्या म्हणतायत, "पाळी जाऊन पाच वर्षं झाली, नवराही वारला, आता माझं काय तपासायचं राहिलंय?" मावशी, तुमचंच आधी तपासायचं. विषाणू वीस वर्षांपूर्वी आला असेल तर तो विधवा-सवाष्ण बघत नाही. या कॅन्सरच्या खूप बाया पन्नाशीच्या पुढच्याच असतात. फक्त एक आहे. पाळी गेल्यावर तपासायचा भाग आतल्या बाजूला सरकतो, त्यामुळे आम्ल लावून बघण्याची पद्धत तुमच्या वयाला तितकी नीट दिसत नाही. तुम्ही तिथे गेल्यावर पाळी बंद झाल्याचं आधी सांगा आणि पॅप किंवा एचपीव्हीची चाचणी कुठे होईल ते विचारा, गरज पडली तर पालघरला पाठवतील. सुनेला बरोबर घेऊन जा. तिचंही वय तीस झालं असेल ना? झालंय म्हणतायत. मग दोघींचं एकाच दिवशी होऊन जाईल.